कोरडी फरशी

६ जानेवारी, सोमवार
दुकानाच्या पायरीवर कुत्र्याचं पिल्लू सापडलं. दुरुस्तीला आलेल्या काट्यावर ठेवलं: दोन किलो तीनशे चाळीस. काटा मीच जुळवलेला, त्यामुळे वाद नको. घरी आणलं. नाव ठेवलेलं नाही. आधी शिस्त, मग नाव. हिने लगेच ‘बटाट्या’ म्हणायला सुरुवात केली.

हिची अट: फरशी ती पुसणार नाही. रविवारी मेव्हणा येतोय, त्याला गोदामाला राखण हवीच आहे. तोवर फरशी कोरडी राहायला लागली नाही, तर पिल्लू त्याच्याबरोबर जाईल. म्हटलं, आठवडा म्हणजे चिक्कार झाला. वजनकाटे मी कुणाकडे शिकलो? उघडत गेलो, कळत गेलं. पिल्लू त्याहून काय अवघड असणार!

संध्याकाळी: स्वयंपाकघराच्या दारात पहिला प्रसंग. चष्मा नव्हता. उजवी सपात बरोबर त्यातच पडली. दोन्ही सपाता एकाच फडक्याने पुसल्या. धुणार नाही, पाण्याने चामडं आखडतं.

७ जानेवारी
पद्धत सुरू. खाणं झालं की बूट, मोजे, कानटोपी चढवून पिल्लाला कुंपणाशी न्यायचं आणि वाट पाहायची. पाहिली. पिल्लाने शेजाऱ्यांचं मांजर पाहिलं, पक्षी पाहिले, मला पाहिलं. आत येऊन बूट काढले, सपाता घातल्या, तर लगेच पायाशी तळं! दोष वाऱ्याचा. उघड्यावर एकाग्रता होत नाही.

ही म्हणाली, अहो, त्या सपाता एकदा धुवा तरी. मुद्दा सोडून बोलायची हिची सवय जुनीच.

८ जानेवारी
घरातच सोय केली. लाकडी ट्रे, चारही कडा सारख्या, पाणसळ लावून तपासलेला. आत खरं गवत. शेजारी उभं राहून पिल्लाला उत्तेजन दिलं. त्याने ट्रेबाहेर, माझ्या डाव्या सपातेला लागून उरकलं. ट्रेपासून जेमतेम चार बोटं. प्रगती उघड आहे.

नंतर ट्रेमध्ये जाऊन झोपलं.

१० जानेवारी
मेव्हण्याचा फोन. साखळी आणून ठेवलीय म्हणे, जाड, गंज न लागणारी. विचारलं, गोदामात ऊब असते का? तो हसला. म्हणाला, दाजी, कुत्रा आहे तो, जावई नाही.

मला काही वाटलं नाही. दुकानात एकच काटा तीनदा चुकीचा जुळला. स्प्रिंग खराब असणार.

११ जानेवारी, शनिवार
दुपारी सपाता कॉटखाली सारून पडलो. पिल्लू एरवी कॉटखाली फिरकत नाही. आज मुद्दाम आत शिरून उरकलं. नंतर आंघोळीला गेलो, सपाता मोरीच्या दाराशी. बाहेर येऊन बघतो तर तिथेही तेच. चिडून म्हटलं, याच्या डोक्यात जागाच शिरत नाही!

ही म्हणाली, त्याला जागा पहिल्या दिवशीच कळलीय. कळत नाहीये ते तुम्हाला!

मग तिने चिमट्याने एकेक सपात उचलली आणि कुंपणाशी नेऊन ठेवली. बटाट्या मागोमाग गेला, हुंगलं, बसला. झालं. हिने बिस्किट दिलं. मी खिडकीतून पाहत होतो. हाच प्रयोग मी उद्या करणार होतो.

१२ जानेवारी, रविवार
मेव्हणा दुपारभर होता. घरभर फिरून बघितलं, सोफ्याखाली वाकूनसुद्धा. फरशी कोरडी. दोनदा बटाट्या दाराशी जाऊन कुंईकुंई करून बाहेर पडला आणि काम करून आला. मेव्हणा म्हणाला, ताई, तू कमाल केलीस. म्हटलं, पद्धत माझी आहे. मग त्याने विचारलं, दाजी, एवढ्या थंडीत अनवाणी का? म्हटलं, तब्येतीला चांगलं असतं. ही कपात तोंड घालून हसत होती.

साखळी परत गेली.

संध्याकाळी: नव्या सपातांचा विषय काढला. ही म्हणते, उन्हाळ्यापर्यंत थांबा, आत्ता कुठे बसलंय त्याच्या डोक्यात. जुन्या सपाता कुंपणाशीच आहेत. चामडं गेलंच.

फरशी कोरडी आहे. गारही आहे. बटाट्या माझ्या पायांवर झोपलाय. वजन अंदाजे अडीच किलो. नक्की सांगता येत नाही. काटा आणायला उठलो तर जागा होईल.