फॉर्ममध्ये नसलेल्या आजी

बाबा, गेल्या जुलैत माझ्या हातून एका आजींचा जीव जाता जाता राहिला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी असलं काही सांगायला मला अजून तुम्हीच लागता. आईला मी यातलं अर्धंच सांगितलंय.

दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरची देखभाल सध्या माझ्याकडे आहे. म्हणजे तुमचंच काम, फक्त खाकी शर्टाच्या जागी लॅपटॉप. जुलैत घरोघरी एसी दिवसरात्र चालतात आणि सगळा भार मुख्य पॅनेलवर येतो. त्या आठवड्यात तपासणी केली तर आतला एक जोड भलताच तापलेला. तो पेटण्याआधी आपणच लाईट बंद करून तो बदलायचा असं ठरलं, सकाळी दहा ते दोन. मी सगळ्यांना ॲपवर फॉर्म पाठवला. घरात कुणी आजारी आहे का, विजेवर चालणारं मशीन आहे का? दोन घरांनी 'हो' लिहिलं. त्यांना शेजारच्या हॉटेलात हलवलं, शिवाय ऑक्सिजनचा एक सिलिंडर खाली ऑफिसात आणून ठेवला, आणि मी स्वतःवरच खूश झाले.

तुम्ही रास अल खैमाला हे कसं करायचात, ते आता डोळ्यांसमोरून हलत नाही. टाइल्सच्या कारखान्यातल्या कुटुंबांची ती चार मजली बिल्डिंग, आणि तिची सगळी वायरिंग तुमच्या भरवशावर. शटडाउनच्या आदल्या दिवशी तुम्ही मला बरोबर घेऊन दारोदार निघता. प्रत्येक घरी तुमचा पहिला प्रश्न एकच, "पाहुणे कोण आलेत?" मग चहा, मग गावाकडच्या चौकश्या. आई वैतागून म्हणायची, "शटडाउन एका दिवसाचं आणि ह्यांची फेरी दोन दिवसांची." एकदा तिसरा मजला तुम्ही माझ्यावर सोपवलात. मी बारा वर्षांची. दारांवर नोटिशी चिकटवल्या आणि पाच मिनिटांत खाली आले. तुम्ही सगळ्यांदेखत असे काही बरसलात! "आत कोण आहे, विचारलंस?" मी म्हटलं, दारावर दोघांचीच नावं आहेत. "आपल्या लोकांचे आईवडील व्हिजिट व्हिसावर येतात आणि दुखणं बॅगेत लपवून आणतात. जा, परत जा." मी रडत रडत परत गेले, तर एका घरात खरोखरच मुलाकडे आलेले आजोबा निघाले, आणि फ्रीजमध्ये त्यांचं इन्सुलिन. आपल्या पाण्याच्या थर्मासात ते दिवसभर गार राहिलं. आपण मात्र कोमट पाणी प्यायलो. तुमचा राग मला तेव्हा फार आला होता आणि त्या दिवशी तुम्ही फार आवडलाही होतात.

तर जुलैतली ती सकाळ. दहाला लाईट बंद केली. पंधराएक मिनिटांनी आमच्या सफाईवाल्या नेपाळी बाईचा फोन आला. "मॅडम, चौदह नंबर फ्लोर पे कुछ बज रहा है, बंद ही नहीं हो रहा."

मी म्हटलं, "किसी डिटेक्टर की बैटरी होगी. छोड़ो, यल्ला, चलो, काम करो."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "मॅडम, अंदर कोई है."

लिफ्ट बंद. उन्हाळ्यात चौदा मजले चढून वर पोचले, तर एका घराचं दार अर्धवट उघडं आणि उंबऱ्यातच एक आजी भिंतीला टेकून बसलेल्या. ओठ निळसर पडलेले. आत ऑक्सिजनचं मशीन टीं टीं करत होतं. सफाईवाली त्यांच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होती. "अगं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं. आजींनी मान वर केली. "मराठी आहेस... होय गं?" एवढं बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

जोड उघडलेला होता, लाईट लगेच परत देणं शक्य नव्हतं. वॉचमननी खालचा सिलिंडर खांद्यावरून वर आणला, मागोमाग ॲम्ब्युलन्सवाले आले. स्ट्रेचरवर जरा धुगधुगी आल्यावर आजी माझा हात धरून म्हणाल्या, "लेकाला बोलू नको हं. माझ्या व्हिसाची मुदत संपलीय. म्हणून त्याने फॉर्ममध्ये मला घातलं नाही." लेक-सून ऑफिसात होते. मशीनची बॅटरी चार तास पुरेल असा लेकाचा हिशोब होता. ती दहा मिनिटांत संपली. बिचारा हॉस्पिटलात माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. आजी वाचल्या, बाबा. परवा त्यांना मी गावच्या विमानात बसवून आले.

ऑफिसात सगळे माझी पाठ थोपटतात. रिपोर्टात मी 'पाहणीदरम्यान आढळले' असं लिहिलंय. आईला सांगितलं की बाबांचे शब्द आठवले, म्हणून मी वर गेले. ती तुमच्या फोटोकडे बघत कितीतरी वेळ डोळे पुसत होती. आता येईल त्या प्रत्येकाला ती हेच सांगते आणि मी शेजारी बसून मान डोलावते.

पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच हे लिहिता येतंय. जिना चढताना मला तुमची आठवण आली नव्हती. कामाच्या वेळी दोनदा फोन केला, म्हणून मी त्या बाईला झापायला वर चालले होते.