फिरता पेला

आईस लिमाहून निल्दाचा नमस्कार.

मी बरी आहे. तुला सांगितलं नव्हतं, पण तो खोकला क्षयाचा होता. सहा महिने रोज नर्ससमोर गोळ्या गिळल्या, काल संपल्या.

आमच्या शिलाईखान्यात शनिवारी बिअरचा एकच पेला सगळ्यांत फिरतो. नर्स म्हणते, रोग बंद खोलीतल्या हवेतून पसरतो, पेल्यातून नाही. तरी खिडकी कुणी उघडत नव्हतं, आणि पेला तेवढा मला वगळून जायचा.

काल शेजारच्या मशीनवरच्या फेर्मिनाबाईंनी पिऊन झाल्यावर रीतीप्रमाणे पेल्यात उरलेला फेस जमिनीवर झटकला आणि पेला माझ्या हातात दिला. "घे गं! त्या गोळ्या मीही गिळल्यात, फक्त बोंब नाही मारली."

सणाच्या जेवणासाठी चुलीपाशी पाळलेले गिनीपिग किती झाले? सणाला येतेय. मामा खोकायचा तेव्हा त्याची ताटली तू गोठ्यात ठेवायचीस.

माझी कुठे ठेवशील?

तुझी,
निल्दा