आग्बेकोपे ब्लूजचा संस्थापक

टेमा, ४ जून १९९४

ती. यावा आत्या हिस,
सेनानूचा सा. न. वि. वि.

इकडे मी ठीक. तुझी आणि आतोबांची खुशाली कळव.

आपल्या गावच्या फुटबॉल क्लबला, ब्लूजला, यंदा तीस वर्षं होतात, म्हणून क्लबचा इतिहास लिहायचं काम अध्यक्ष जोकोटोंनी माझ्या गळ्यात घातलंय. गावचा मास्तर झालेला मी एकटाच ना! कागदांचं खोकं घेऊन ते स्वतः आले होते. त्यात १९६४ चा, पहिल्या संघाचा फोटो आहे. अकरा खेळाडू, निळे सदरे, एकाच्याही पायात बूट नाही. आणि कडेला एक उंच माणूस चेंडू काखेत धरून उभा. पण त्याला चेहराच नाही. तिथे नाण्याएवढं गोल भोक आहे.

जोकोटोंना विचारलं तर म्हणाले, उंदरांनी खाल्लं. आत्या, इतकं गोल कुरतडणारे उंदीर मी अजून पाहिले नाहीत. सगळ्या कागदांवर संस्थापक म्हणून त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव आहे. मग चेंडू या बिनचेहऱ्याच्या काखेत का? मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. तू तेव्हा गावातच होतीस. कोण हा?

उत्तराची आणि आशीर्वादाची वाट पाहणारा,
सेनानू


आग्बेकोपे, १५ जून

चि. सेनानूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीस वर्षांपूर्वीचे चेहरे शोधतोस, त्यापेक्षा स्वतःसाठी एखादा चेहरा बघ. सव्वीस वर्षांचा घोडा झालास. शेजारच्या मेरीची धाकटी विचारत होती, मास्तर सुट्टीला येणार का म्हणून.

आतोबांचा गुडघा सुजलाय, तरी काल मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला गेलेच. मी ओरडले तर म्हणाले, रेघ वाकडी गेली की खेळ वाकडा होतो.

इतिहासात गोल लिही, जिंकलेले कप लिही. उंदरांच्या नादी लागू नकोस. फोटो मात्र लगेच परत धाड. लॉरीवाल्याबरोबर कसाव्याची गारी आणि धुरावर वाळवलेले मासे पाठवलेत; शेजाऱ्यांना वाटून संपवू नकोस.

सदैव तुझं बरं चिंतणारी,
आत्या


टेमा, २ जुलै

ती. आत्यास सा. न.

मासे पोचले. फोटो पाठवत नाही. इतकी घाई का, हाच आता माझा प्रश्न आहे.

गोदीवर म्हातारा फियाग्बोर पहारेकरी आहे. पहिल्या संघात तो खेळला होता. फोटो पाहताक्षणी म्हणाला, अरे हा तर लसिसी! नायजेरियाहून आलेला सायकलवाला. पहिला चेंडू त्याचा, झाडोरा तोडून मैदान केलं त्याने, सदरे निळीत बुडवून रंगवले तेही त्यानेच. फियाग्बोरने सदुसष्ट साली गाव सोडलं; पुढचं त्याला ठाऊक नाही. एवढंच कानावर आलं की एकोणसत्तरमध्ये आपल्या सरकारने परक्यांना चौदा दिवसांत देश सोडायला लावलं, तेव्हा लसिसी नाहीसा झाला आणि त्याचं दुकान थोरल्या जोकोटोंच्या नावावर झालं.

म्हणजे दुकान त्यांचं, क्लबही त्यांचा! आत्या, त्याला यांनीच धरून दिलं ना? की त्याहून वाईट काही केलं? मी हे छापणार आहे. वीस तारखेला मजकूर छापखान्यात जाईल. तू तेव्हा पंचवीस वर्षांची होतीस, तुला ठाऊक नसेल असं होणार नाही. तू गप्प बसतेस याचीही आता मला भीती वाटते. तुम्ही सगळेच त्यात होता का?

लोभ कमी न करशील या आशेने,
सेनानू


आग्बेकोपे, ९ जुलै

सेनानू,

हे पत्र पोस्टाने नव्हे, लॉरीवाल्याच्या हाती देते आहे. वाच आणि जाळून टाक.

तो चेहरा मी कापला. दाढीच्या पात्याने.

फोटो तेव्हा सरपंचांच्या ओसरीवर टांगलेला असे. पोलिसांची जीप बाजारगावापर्यंत आल्याचं कळलं तशी मी धावत गेले. लसिसी जायला तयार होता, ट्रंकसुद्धा बांधली होती त्याने. मीच ट्रंकेवर बसले आणि उठेना. शेवटी थोरले जोकोटो म्हणाले, पोरगी उठत नाही तर आपणच काहीतरी केलं पाहिजे.

पोलिसांनी विचारलं, सायकलवाला कुठे? जोकोटो म्हणाले, गेला मंगळवारच्या लॉरीने. दुकान कुणाचं? माझं. क्लब कुणाचा? माझा. त्याच दिवसापासून कागदांवर त्यांचं नाव आहे. आठ महिने लसिसी आमच्या शेतावरच्या झोपडीत राहिला. मग केटाहून एक जावई गावात आला. त्याचं घर समुद्राने गिळलं होतं, त्यामुळे चौकशी करायची तर कुठे जाऊन करणार? नाव कोमला. तुझे आतोबा.

सगळ्या गावाला माहीत होतं. नंतरच्या पहिल्याच सामन्यात आपल्या पुढच्या फळीतला एकजण भर मैदानातून लसिसी, लसिसी ओरडला. तेव्हा अख्ख्या गावाला एकदम खोकला झाला! तुम्हा पोरांना सांगितलं नाही, कारण पोरांच्या पोटात शब्द राहत नाही. पुढे सरकारं बदलली, पण भीतीला कुणी आता जा म्हणून सांगायला येत नाही.

आणि फुकट काही मिळालं नाही. पत्र पकडलं जाईल म्हणून नायजेरियात आबेओकुटाला स्वतःच्या आईला आतोबांनी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्र्याऐंशीत नायजेरियाने आपल्या पोरांना हाकललं, ती डोक्यावर बोचकी घेऊन परतली, तेव्हा हे लॉरीतळावर पाण्याचं मडकं घेऊन दोन दिवस उभे होते. प्रत्येकाला पाणी द्यायचे आणि विचारायचे, आबेओकुटाकडे गेला होतास का?

आता छाप काय छापायचं ते.

आत्या


टेमा, १४ जुलै

ती. आत्या आणि ती. आतोबा यांस सा. न.

लाज वाटते. अध्यक्षांच्या बापाला मी मनातल्या मनात चोर ठरवलं, आणि तुला त्याची साथीदार. अध्यक्षांना माफीचं पत्र धाडलंय. ती कशाबद्दल, हे मात्र त्यात लिहिलं नाही.

छापखान्याला थांबवलं आहे. संस्थापक म्हणून कुणाचं नाव घालू, हे आतोबांनी सांगावं. ते सांगतील तसंच होईल.

पायांवर डोकं ठेवतो,
सेनानू


आग्बेकोपे, ३० जुलै

चि. सेनानूस आतोबाचे आशीर्वाद.

आत्या सांगते आणि मी लिहितो, असं आमच्या घरी नेहमी चालतं. आज तिला बाहेर घालवलंय.

संस्थापक थोरले जोकोटोच राहू देत. जीपमधल्या एका शिपायाने त्यांच्या तोंडात मारली होती, तरी त्यांनी शब्द बदलला नाही. ही गोष्ट आत्या सांगणार नाही, कारण तेव्हा ती रडत होती. माझं नाव खाली कुठेतरी घाल. सहासष्टचा शेवटचा सामना मात्र क्लबच्या कागदांत आहे तसा तीन-दोन नव्हता, चार-दोन होता. एक गडी आजारी पडला म्हणून मी खेळलो आणि चौथा गोल मी केला. फियाग्बोर मुद्दाम विसरतो. तो तेव्हाही मला चेंडू देत नसे.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस झोप नव्हती. तू कुणाकुणाला बोललास, लॉरीवाल्याने पाकीट फोडलं का, जोकोटोचा पोरगा माझ्याकडे असा का पाहतो, हेच डोक्यात. चौथ्या दिवशी धाकट्या बहिणीला पत्र लिहायला बसलो. आई आता नसणार. माझ्या भाषेतली अक्षरं हाताला आठवेनात. एक पान लिहायला सकाळची दुपार झाली.

मग बाजारगावच्या पोस्टात गेलो. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लागतं. खरं लिहिलं. कारकुनाने ते वाचून मान वर केली, तसे माझे पाय दाराकडे वळले. त्याने एवढंच विचारलं, साधं की रजिस्टर?

मी रजिस्टर म्हणालो. त्याने शिक्का मारून पावती फाडून दिली. पंचवीस वर्षांनी माझं नाव कुणीतरी सरकारी शाईने लिहिलं, आणि पुढच्या माणसाला आवाज दिला.

सामन्याला ये. माया आहेच, ती लिहून मागायला नको.

तुझा आतोबा,
लसिसी