बोटीचा पाय

६ मे, सोमवार

आलो एकदाचा. उरणहून ठाणे, तिथून जव्हारची एसटी, जव्हारहून मोखाड्यापर्यंत जीप आणि पुढे धरणापर्यंत टेम्पोत सिमेंटच्या गोण्यांवर बसून. तीस वर्षं खाऱ्या पाण्यातल्या बोटी दुरुस्त केल्या, डोंगर चढून बोट दुरुस्त करायला पहिल्यांदाच आलो. शेठ म्हणाले होते, घरत, दोन दिवसांचं काम, हवापालट समज. हवा खरंच छान आहे. जीपवाल्यानं वाटेत थांबून करवंदं घेऊन दिली, ती खात खात पोचलो.

बोट दवाखान्याची. धरणाच्या पलीकडच्या पाड्यांना रस्ता नाही, म्हणून खात्यानं चार वर्षांपूर्वी ही दिली. आत पलंग, सलाइनचा हूक, पंखा. गेलं वर्षभर धक्क्याजवळ ट्रॉलीवर पडून आहे. १४ तारखेला मोठे साहेब पाहणीला येणार, म्हणून आता घाई. पाड्यावरची माणसं वर्षभर खोळंबली, ते चाललं.

वॉचमन भिका, साठीचा. सगळ्यांना अरे-तुरे करतो, साहेबांनासुद्धा. जेवण त्याच्याकडेच. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, सुकट. घरच्यासारखं झोपणार आज.

७ मे

सकाळी बोट पाहिली. इंजिन आत आणि मागे बाहेर लोंबणारा स्टर्नड्राइव्ह. आम्ही त्याला नुसता पाय म्हणतो, बोट ढकलणारा पंखा त्यालाच. दोन बाजूंचे सिलिंडर तेलाच्या दाबानं पाय वर-खाली करतात, त्याला ट्रिम म्हणतात. उथळ पाण्यात पाय उचलला नाही, तर पंखा गाळात रुततो आणि बोट किनाऱ्याला लागत नाही. सिलिंडरला तेल पोचवणारे चार होज, म्हणजे रबरी नळ्या, ते चारही फुटलेले. रबराला भेगा, नट गंजून एकजीव झालेले. होजवरची छापील तारीख बोटीच्या जन्माची. म्हणजे कुणी कधी हात लावलेला नाही.

पायाखाली लाकडी ठोकळे दिले, तो अंगावर आला तर माणूस उरत नाही. गंजावर तेल सोडून दुपारपर्यंत दोन होज सोडवले. भिका शेजारी उकिडवा बसून बघत होता. विचारत होता, हे एवढंसं रबर बदलायला वर्ष लागतं का? मी म्हटलं, रबराला नाही लागत, कागदाला लागतं. तो हसला नाही.

८ मे

चारही नवे होज बसले. नट आधी बोटांनी फिरवले, मग पान्यानं आवळले. तेल भरलं, पाय पाच-सहा वेळा वर-खाली करून हवा काढली. थेंब नाही गळला. पाय पूर्ण वर घेतला आणि समाधानानं जेवायला गेलो.

परत आलो तर पाय खाली.

होज कोरडे. तेलाची पातळी तेवढीच. टाकीचं झाकण उघडलं तर तेल पांढरं झालेलं, दुधासारखं. तेलात पाणी शिरलं की असं होतं, त्यात नवल नाही. पण बोट जमिनीवर आहे. पाणी दोनशे पावलं लांब, मे महिन्यात पार आत गेलेलं. पाणी शिरलं कुठून?

तेल काढून नवं भरलं. माझीच काही चूक असेल.

९ मे

पुन्हा तेच. यावेळी पाय वर घेऊन खाली ठोकळे लावून गेलो होतो. ठोकळे नीट एकावर एक रचून बाजूला ठेवलेले. पाय खाली. पंख्याच्या पात्यांना गाळ, काळा, ओला, ठिबकणारा. इकडे आमच्या धक्क्याला मुरूम आहे. असा गाळ फक्त पलीकडच्या काठाला.

भिकावर ओरडलो. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मी नाय रं केलं. तिनं केलं असंल. ती थांबलीय तिथं."

कोण, ते सांगेना. उपकेंद्राच्या सिस्टरला विचार म्हणाला.

सिस्टर म्हणजे चंदाताई, चाळिशीच्या, इथं अकरा वर्षं आहेत. संध्याकाळी त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी २३ मेला पलीकडच्या पाड्यावरची पोशी अडली. पहिलटकरीण, वीस वर्षांची. बोट गेली. पाणी उतरलेलं, पाय उचलेना, काठापासून साठ-सत्तर पावलांवर बोट गाळात रुतली. पोशीच्या घरच्यांनी तिला झोळीत घालून गाळातून बोटीकडे आणलं. कमरेइतका गाळ. चंदाताई बोटीतून हात पुढे करून उभ्या होत्या. दहा पावलं उरली होती. झोळीवाल्यांचा पाय घसरला आणि झोळी खाली गेली. बाळही गेलं.

चंदाताई रडल्या नाहीत. म्हणाल्या, दादा, चौकशीत लिहिलं की नातेवाइकांनी आणायला उशीर केला.

१० मे

बोटीच्या कप्प्यात देखभालीची फाइल सापडली. पावसानं चिकटलेली पानं सोडवत बसलो होतो. गेल्या वर्षीच्या १५ मेचा कागद. 'ट्रिमचे चारही होज बदलले. पाण्यात चाचणी घेतली. बोट सुस्थितीत.'

खाली सही माझी आहे.

मी कधी इथं आलो नव्हतो. पण सही माझी आहे. आठवतंय. ठाण्याच्या ऑफिसात शेठनं कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला होता, घरत, वर्षाचं कंत्राट आहे, सगळीकडे कोण जाणार, मार सह्या. वीस-बावीस कागद होते. चहा पीत पीत केल्या. एकही वाचला नाही.

१५ मे. आठ दिवसांनी २३.

भिकाला सांगितलं नाही.

११ मे

शेठला फोन लावला. तो कागद कुणाला दाखवू नकोस म्हणाले. जमलं तर काढूनच टाक. काम उरक आणि निघ.

पिशवी भरली. टेम्पोची वाट बघत रस्त्यावर उभा राहिलो. चंदाताई आल्या, त्यांना वाटलं सामान आणायला चाललोय. बोट कधी सुरू होते ते विचारत होत्या. त्याच पाड्यावरची हौशी, नववा लागलाय, बाळ उलटं आहे. तिला आत्ताच इकडे आणू म्हटलं तर सासरचे बोटीच्या नावानं थरथरतात.

टेम्पो आला. मी चढलो नाही. पिशवी परत खोलीत नेऊन ठेवली.

१२ मे

चारही होज पुन्हा काढले. आत पांढरं. त्यात करंगळी बुडवली — कोमट होतं. सावलीतलं तेल, सकाळी आठ वाजता, कोमट.

वास तेलाचा नव्हता. माझी बायको बाळंत झाली तेव्हा घरात जो वास होता, तो.

हात धुतले. पुन्हा धुतले. धुवून नवं तेल भरलं, नवे वॉशर घातले. नट एकही वाकडा बसला नाही. हे तरी नीट करायचं.

पाय वर घेतला आणि जेवायला गेलोच नाही. समोर बसून राहिलो. भर दुपारी, बारा चाळीसला, तो खाली यायला लागला. सावकाश. कुणीतरी लोंबकळावं तसा. मी दोन्ही हातांनी धरला, तर पलीकडून — मला ओढ जाणवली. माणसाची ओढ असते तशी, मधेच दम घेणारी.

१३ मे

बोट पाण्यात टाकली. चालली. पाय उचलतो, टेकतो, तेल स्वच्छ. काठावर चार माणसं टाळ्या वाजवत होती. मला आनंद व्हायला हवा होता.

चंदाताईंना तो कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. बरं झालं.

१४ मे

साहेब साडेतीनला येणार. तोवर बोट हलवायची नाही असा निरोप. धक्क्यावर मांडव, हार, फीत.

दीडला पलीकडून निरोप. हौशीला कळा. चंदाताईंनी ऑफिसात फोन केला. साहेबांची पाहणी होऊ द्या म्हणाले.

फीत तोडून बोट काढली. मी आणि चंदाताई. भिकानं दोर सोडला.

२.२० — काठ दिसतो. माणसं उभी आहेत. चंदाताई म्हणाल्या वेळा लिहून ठेवा, नंतर आपल्यावरच येईल. म्हणून ही वही. आज जे घडेल तेच लिहिणार.

२.३१ — पाणी उथळ. पाय वर घेतला. वर आला.

२.३४ — पाय खाली गेला. मी बटण दाबलेलं नाही. रुतलो. साठ पावलं.

२.३५ — पंपाचा आवाज नीट. होज कोरडे. दाब आहे. पाय उचलत नाही. जड आहे.

२.४० — चंदाताई उतरल्या. थांबवत होतो. म्हणाल्या, यावेळी तिला गाळातून आणायचंच नाही, मी तिकडे जाते. गाळावर फळ्या टाकल्यात काठावरच्यांनी. पोटावर सरपटत जाताहेत.

२.५२ — पोचल्या. लुगड्यांचा आडोसा धरलाय.

३.०५ — हौशीचा आवाज. मग नाही.

३.१७ — बाळ रडलं. इथवर ऐकू आलं. चंदाताई ओरडल्या, दोघं ठीक, वेळ लिहा. लिहिली. तीन सतरा.

३.१९ — काठावर सगळे हसताहेत. बोटीकडे कुणाचं लक्ष नाही. पाय हलतोय. मी बटण दाबलं. वर येतोय, सावकाश, सोबत काहीतरी घेऊन.

३.२१ — झोळीचं फडकं. पंख्यात नाही अडकलेलं. कुणीतरी धरलंय.

हात. काळा, गाळाचा. नखं आखूड, बायकी.



ती पायावर चढून बसलीय. वीस वर्षांची. डोळ्यांत, तोंडात गाळ. माझ्याकडे बघते. रागानं नाही. राग असता तर बरं होतं. दुसरा हात छातीशी, त्यात काहीतरी गुंडाळलेलं, ती ते मला —

घे म्हणते. घेतो.

कोमट आहे —

विचारते, तू आलातास ना, होज बदलाया. खरं सांगितलं. तिनं माझं मनगट धरलंय, ओढ तीच, दम घेणारी. सांगितलं की मी त्या दिवशी आलोच नव्ह—