अर्धं रंगवलेलं वल्हं

अल्डर बेंड,
बर्निसच्या बारची माडी

प्रिय एमेट यास,

हयात असल्यास लायलचा सप्रेम नमस्कार. नसल्यासही नमस्कार आहेच, पण मग उत्तराची तसदी घेऊ नये. तुझी तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. पत्र लिहिताना सगळेच दुसऱ्याची तब्येत विचारतात आणि लगेच स्वतःच्या गुडघ्यांवर येतात. मला मात्र खरोखर, शक्य तितक्या लवकर आणि तुझ्याच हस्ताक्षरात उत्तर हवं आहे. का ते पुढे येईलच. (गुडघे ठीक आहेत. पाऊस येणार असला की डावा सांगतो, येऊन गेला की उजवा.) तुझ्या ऑरेगनच्या पुतणीचा जुना पत्ता तेवढा हाती लागला, त्यावर हे पत्र टाकतो आहे. आणि त्या कोंबडीबद्दल या पत्रात एक शब्दही काढायचा नाही, असं ठरवूनच मी लिहायला बसलो आहे.

तू गाव सोडल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात मोठा पूर आला, त्यात माझं घर खिडक्यांपर्यंत गेलं आणि मी फ्रेस्नोला लोरीनताईकडे राहायला गेलो. फ्रेस्नो चांगलं आहे. तिथे मनुका वाळवतात, आणि दोन उन्हाळे काढले की माणूसही तसाच दिसू लागतो. ताई प्रेमळ आहे, पण तिच्याकडे टॉवेलांच्या घडीला तीन पदर लागतात आणि मी दोनच घालतो. शेवटी या मे महिन्यात ती म्हणाली, "लायल, बाबा रे, जा तुझ्या त्या नदीवर चार दिवस. मला माझ्या घरात जरा एकटीला कंटाळू दे." म्हणून आलो. नदीला उन्हाळ्यापुरता बांध घालतात त्या दिवशी गावात असावं, होड्यांची शर्यत बघावी, बर्निसच्या हातची जळकी कॉफी प्यावी आणि परत जावं, एवढाच बेत होता.

बसमधून उतरलो तेव्हा रेडवूडच्या झाडांमधून धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. गाव होतं तसंच आहे, म्हणजे पुराने जेवढं ठेवलं तेवढं. मी सवयीने सरळ आपल्या जुन्या घराकडे चालू लागलो आणि सवयीनेच पहिल्या पायरीवर पाय टाकायला गेलो, तर पायरी तिथे नाही! पुराच्या धास्तीने घर दोन मजले वर उचलून खांबांवर उभं केलेलं. मी खाली उभा राहून आपल्याच न्हाणीघराचा तळ बघतोय. (बारा वर्षं त्यात आंघोळ केली, पण अशी भेट पहिलीच.) वरून दोन गृहस्थ डोकावले, सॅन फ्रान्सिस्कोहून आलेलं जोडपं, अगदी सज्जन, दोघांच्याही हाताला कणीक. त्यांनी वर बोलावलं, पाव दिला, लोणी दिलं, आणि मी नाव सांगितल्याबरोबर धाकट्याच्या हातातली सुरी खाली पडली. झालं असं की घराबरोबर त्यांना गावाने एक दिवंगत मालकही दिला होता. हिवाळ्यात पाइप वाजू लागले की ते दोघं एकमेकांना सांगतात, "काही नाही, लायल आलाय." मी म्हटलं, अहो, मी फ्रेस्नोला होतो. त्यावर थोरल्याने फार अदबीने विचारलं, "मग रात्री तीनला वाजवतं कोण?" मी त्यांना बंबाखालचा व्हॉल्व्ह दाखवून दिला, पण दोघांची जरा निराशाच झाली. भूत गेलं आणि वर प्लंबरचा खर्च आला.

वाटेत मला बघून पोस्टातली बाई रस्ता ओलांडून गेली, तेही मी तिचाही तसाच गैरसमज असेल म्हणून सोडून दिलं. बर्निसच्या बारमध्ये शिरलो आणि मग उलगडा झाला. डाव्या भिंतीवर, संडासाच्या दाराला लागून, एक वल्हं टांगलेलं, त्यावर नारिंगी रंगात माझं नाव!

आता तुला नियम ठाऊक आहे, तरी तुझी आठवण कशी आहे हे मला ठाऊक असल्याने पुन्हा सांगतो. गाव सोडून गेलेल्याने दर वर्षी बांध घालायच्या दिवसापर्यंत बर्निसला एक पोस्टकार्ड पाठवायचं. कार्ड आलं की ते आरशाच्या वर टाचायचं. तीन उन्हाळे कार्ड आलं नाही, की त्याच्या नावाचं वल्हं रंगवून भिंतीवर लावायचं आणि सगळ्यांनी एक एक घोट घ्यायचा. ही पद्धत एड्सच्या त्या वाईट वर्षांतली. आपली पोरं आजारी पडायची, मग त्यांचे आईवडील येऊन त्यांना घेऊन जायचे, आणि पुढे काय झालं ते कुणीच कळवत नसे. मातीला बोलावणं तर लांबच राहिलं. त्या भिंतीकडे मी पूर्वीही फार वेळ बघू शकत नसे, आणि आता तिथे माझंच नाव होतं. मला आधी हसू आलं आणि मग मी टोपी काढली, हे तुला सांगायला हरकत नाही.

बर्निसने गल्ल्यामागून वर पाहिलं आणि हातातला पेला तसाच नळाखाली वाहू दिला. सत्तरी उलटली, पण ट्रक चालवायची तेव्हाचा आवाज अजून तसाच आहे. "अरे मेल्या!" (हे ती मला पूर्वीही म्हणायची, फक्त या वेळी तिच्याकडे पुरावा होता.) मग बाहेर येऊन तिने माझे दोन्ही कान धरले, ओढून बघितले आणि खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "आता पंचाईत झाली. उतरवायचा नियमच नाहीये."

तेवढ्यात हार्लन आला. तोच आपला हार्लन, दिवसा गावाचे नळ दुरुस्त करणारा आणि शनिवारी बाईच्या वेशात मिस कॉर्डेलिया डेल्टा होऊन बिंगोचे आकडे पुकारणारा. माझ्या शोकसभेत भाषण यानेच केलं होतं म्हणे, आणि तेही माझा हिरवा टिकल्यांचा झगा घालून! पुरातून वाचलेली माझी ती एकच चांगली वस्तू, मी सुकवायला त्याच्याकडे ठेवली होती. मी म्हटलं, झगा परत दे. तर म्हणतो, "मेलेल्या माणसाने मागे ठेवलेलं परत मागायची पद्धत नाही, लायल. शिवाय तुझ्या पोटावर आता तो बसणार नाही." मी म्हटलं, निदान भाषण तरी ऐकव. तो बिंगोच्या स्टुलावर चढला आणि पाठ म्हणून दाखवलं. एमेट, इतका भला माणूस मी जिवंतपणी होतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी पुरात शेजारणीचा पियानो वाचवला असं त्यात होतं. (मी त्या पियानोवर चढून बसलो होतो, हे खरं.) शेवटी तर मीही डोळे पुसले आणि हार्लनला म्हटलं, झगा राहू दे तुझ्याकडे.

पण वल्ह्याचं काय? मी बर्निसला म्हटलं, बाई, मी कार्डं पाठवली होती, दर वर्षी न चुकता, मनुक्यांच्या कारखान्याचं चित्र असलेली. ती म्हणाली, "मनुक्यांची? ती तर एमेटची."

आता इथे माझ्या स्वभावाचा थोडा भाग येतो. मी कार्डावर नाव घालत नाही. "ओळख पाहू कोण" एवढं लिहितो आणि खाली बर्निसच्या कॉफीबद्दल काहीतरी वावगं. ज्याने मला वीस वर्षं ओळखलं त्याने एवढं ओळखायला नको? पण मी फ्रेस्नोला आहे हे इथे कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि गावाने विचार केला, एवढा उद्धटपणा कोण करणार? एमेट! आणि हस्ताक्षर? ते म्हणे बर्निस चष्म्याशिवाय वाचत नाही आणि चष्मा सापडल्याशिवाय शोधत नाही. तेव्हा आरशाच्या वर एका ओळीत लागलेली ती सगळी मनुक्यांची कार्डं तुझ्या नावावर जमा होती. इतकी वर्षं माझ्या कार्डांवर तू जगत होतास आणि मी मेलो होतो.

मी आपला विजयी मुद्रेने गल्ल्यावर बसलो, तिथल्या पेन्सिलीने "ओळख पाहू कोण" लिहून दाखवलं. अक्षर जुळलं. सगळे हसले, टाळ्या झाल्या. बर्निस स्टुलावर चढून माझं वल्हं उतरवून घेऊन आली, ते पुसलं, आणि मला वाटलं आता हातात देणार. तर तिने ते गल्ल्यावर उलटं ठेवलं, खालच्या फळीवरून नारिंगी रंगाचा डबा काढला आणि कोऱ्या बाजूला तुझं नाव घालायला घेतलं. (लाकूड वाया घालवत नाही ती.) मी म्हटलं, हे काय? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो गेल्यापासून एक ओळ नाही त्याची. कार्डं तुझी, म्हणजे त्याचं काहीच नाही. नियम तुला सांगायला हवा का?"

माझं हसणं तिथेच थांबलं. खरं सांगतो, इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावलो होतो ते तू कुठेतरी मजेत असशील हे धरूनच. तू नसशील, हे माझ्या रागाला कधी सुचलंच नव्हतं. दोन अक्षरं होऊन तिसऱ्यासाठी तिने ब्रश बुडवला, आणि मला दुसरं काही न सुचून मी वल्ह्यावर जाऊन बसलो. रंग ओला होता. फ्रेस्नोहून आणलेली एकमेव चांगली पॅंट आता तुझ्या नावाने चांगली छापली गेली आहे, तीही उलटी. हार्लन म्हणाला, "ऊठ, अंत्यविधीत अडथळा आणू नये." मी म्हटलं, कार्डं एमेटचीच आहेत, मी खोटं बोललो, मला परत टांगा. बर्निस म्हणाली, "आता कान ओढून बघितले ना तुझे, तुला टांगता येत नाही." असं भांडण पहिल्या बिंगोपर्यंत चाललं. लोक जमले, काहींनी माझी बाजू घेतली, काहींना नुसतं खुर्च्या सरकवून बसायला मिळालं. शेवटी बर्निसच नरमली. तिने ब्रश पाण्यात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मला काय हौस आहे होय रे? उन्हाळा संपून बांध काढतील तोवर थांबते. त्याच्या हातचं कार्ड आण."

तेव्हापासून मी माडीवर राहतो आहे आणि वल्हं माझ्या पलंगाखाली आहे. एका बाजूला माझं नाव, दुसऱ्या बाजूला तुझं अर्धं. ताईला कळवलं आहे की चार दिवस जरा लांबले. ती म्हणाली, टॉवेल पाठवू का? (दोन पदरांची घडी घालून पाठवले. रडूच आलं.) माझं इथे उत्तम चाललं आहे. शनिवारी बिंगोचे आकडे मी लिहून घेतो, सकाळी त्या जोडप्याचे पाइप बघतो, आणि पोस्टातली बाई आता रस्ता ओलांडत नाही, मी आत शिरताच लांबूनच मान हलवते, "नाही आलं."

पुतणीला नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे, हा प्रश्न वर एकदा विचारला आहे, तो पुन्हा वाचावा.

तुझा (आता अधिकृतपणे जिवंत),
लायल

ता. क. सोबत एक कार्ड आहे. तिकीट लावलं आहे, पत्ता घातला आहे. तू फक्त नाव लिही. पूर्ण नाव. विनोद नको, चित्र नको, "ओळख पाहू" तर अजिबात नको.

ता. क. २. बांध काढायच्या आधी दोघांच्या होड्यांची आणखी एक शर्यत आहे. मी आपल्या दोघांचं नाव देऊन टाकलं. वल्हं एक आहे, दुसरं तू घेऊन ये.

ता. क. ३. हे एमेटसाठी नाही. त्याचं टपाल आता दुसरं कुणी उघडत असेल, तर त्यांना नम्र विनंती. बर्निसला कळवू नका, मला कळवा. उरलेलं अक्षर मी स्वतः घालीन. नारिंगी त्याला आवडत नसे. आणि संडासाशेजारी लावू देणार नाही.

ता. क. ४. एमेट, वरचं तुझ्यासाठी नव्हतं, तरी तू वाचलंच असशील. वाचलंस ना? मग झालं तर. आता ऐक. तुझी डचेस माझ्या केसांच्या टोपात अंडं घालून बसली तेव्हा तू तिची बाजू घेतलीस, ती तर घेतलीसच. पण ती कोंबडी दिसायलाही कुरूप होती. सगळं गाव असंच म्हणतं. ये आणि खोडून काढ.