दुसऱ्या अल्बममध्ये आजी नाही

चिरंजीव गिटारवाल्या नातवास,
आशीर्वाद. त्यातले थोडे राखून ठेवले आहेत.

मला अक्षर कळत नाही, म्हणून तुझी बहीण लिहून घेते आहे. तुमच्या दुसऱ्या अल्बमबद्दल लोक काय लिहितात, तेही तिनेच वाचून दाखवलं. 'पत्र्याच्या डब्यात खिळे' असं एकाने म्हटलंय. मला पटलं. बाकीच्यांचं एकच रडगाणं: पहिल्या अल्बममध्ये ओरडणारी ती म्हातारी हवी होती.

"बंद करा ती धडधड, दूध उतू गेलं!" हे मी स्वयंपाकघरातून खरंच ओरडले होते. तू ते गाण्यात घातलंस, तेव्हा कोण कौतुक वाटलं मला!

पण एका मोठ्या समीक्षकाने पेपरात लिहिलंय, आजी गेली आणि बँड पोरका झाला. मी विचारलं, "कोणाची गं आजी?" बहिणीने पहिल्या अल्बमचं कव्हर आणून मागची ओळ वाचली. 'दिवंगत आजीच्या स्मरणार्थ.' चार वर्षं ते कव्हर मी रोज पदराने पुसत होते रे.

परवा फोनवर म्हणालास, "आजी, पुढच्या अल्बमसाठी थोडं ओरडशील? फक्त कोणाला सांगू नकोस."

ओरडेन की. त्या समीक्षकाला उद्या चहाला बोलावलंय.

बहीण म्हणते, "आधी दादाला पत्र तरी टाकू." नको म्हटलं. तू धावत येशील, पाय धरशील आणि मी विरघळेन. त्यापेक्षा हे पत्र उद्या त्या समीक्षकालाच देते, तू पेपरातच वाच.

तुझी ठणठणीत
आजी