अक्का, तिला अंडं खायला सांग

तीर्थरूप अक्का,

गेलेल्या माणसाला मायना काय लिहावा हे मला कुठल्याही ग्रंथात सापडलं नाही, म्हणून जुनाच ठेवला. हसू नकोस. मी पोथी उघडली की तू हसायचीस. ती सवय तिकडे तरी सुटली असेल अशी आशा आहे.

लिहिण्याचं कारण यमुना. काल दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. छाती तपासली, हात पाहिला. तिच्या बांगड्या आता मनगटावर ठरत नाहीत, कोपराकडे सरकतात. बाहेर ओसरीवर आल्यावर बाईंनी विचारलं, "रोजचं अंडं चालू आहे ना?" मी खाली पाहिलं. त्या म्हणाल्या, "शास्त्रीजी, क्षयाच्या या दुखण्यावर माझ्याकडे बाटलीतलं औषध नाही. अन्न आणि हवा, एवढंच आहे. हवा तर तुमच्या गल्लीत बेताचीच. अन्नही बंद करणार असाल तर मला बोलावता कशाला?"

तुझी भावजय अंडं खात नाही, अक्का. आणि खात नाही ती तुझ्यामुळे. जिवंत माणसांच्या विनवण्या करून झाल्या. आता तू उरलीस.

हा विषय आपल्या घरात पहिल्यांदा निघाला ते आठवतं का? बाईंनी 'अंडं' हा शब्द उच्चारला आणि मी तुझ्याकडे पाहिलं. वाळत घातलेल्या पातळाला वाऱ्यानं उडालेलं पान लागलं तरी ते पुन्हा धुणारी तू. मला वाटलं, आता अक्का गाठोडं बांधून काशीला निघणार. मी मनातल्या मनात तुझी समजूत काढण्यासाठी आपद्धर्माची वचनं जुळवू लागलो होतो. तू एवढंच विचारलंस, "किती वेळ उकडायचं?"

माझी वचनं तशीच वाया गेली. जरा वाईटच वाटलं.

सकाळी तू सोवळ्यात, मी शाळेच्या घाईत, यमुनेला उठून बसायचंही त्राण नाही. मग सकाळी अंडं उकडणार कोण? तुझा तोडगा असा की सकाळसाठी काही काम ठेवायचंच नाही. दुपारची जेवणं उरकली की सोवळं सोडून तू मागच्या गोठ्यात जायचीस. तिथे दगडांची वेगळी चूल, वेगळं पातेलं. अंडी गार पाण्यातच सोडायची, चिमूटभर मीठ टाकायचं, मग जाळ. उकडली की फुटक्या रांजणातल्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. थंडीत दोन दिवसांची, उन्हाळ्यात फक्त उद्याचं. उकडलेल्यावर कोळशाची रेघ. मग विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन पुन्हा देवांपुढे बसायची, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं. सकाळी शाळेत जाताना रेघेचं एक अंडं काढून मी यमुनेच्या उशाशी ठेवायचं, शेजारी मीठ आणि मिरपूड. एवढंच माझं पौरोहित्य.

मागच्या भिंतीवरून हमीदाबी अंडी द्यायची. "अम्मा, आज के हैं, एकदम ताजे," असं ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायची. तू म्हणायचीस, "हळू बोल गं, देव ऐकून राह्यलाय. औषध म्हण." त्यावर ती विचारायची, "अम्मा, आपके भगवान को मालूम नहीं क्या औषध किस में से निकलता?" आणि तू तोंडाला पदर लावून हसायचीस. माझ्या विनोदांना तू असं कधी हसली नाहीस.

यमुना तरी पहिल्या दिवशी कुठे खात होती? "अक्का, मला न्हाई जमायचं," म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. तू दारात उभी राहून म्हणालीस, "यमुने, तुला वळण लावता लावता माझा अर्धा जन्म गेला. आता नवी भावजय आणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची हौस मला न्हाई. खा जल्दी."

तिनं खाल्लं. हसता हसता ठसका लागला, पण खाल्लं. दिवाळीपर्यंत ती अंगणात बसून तांदूळ निवडायला लागली होती.

आणि मग पौषात तुला ताप भरला. मला वाटलं, ताप म्हणजे काढ्यानं उतरणार. तू गेलीस.

तुझ्या सासरचं कुणी आलं नाही. शास्त्राप्रमाणे लग्न झालेल्या बहिणीचं सुतक मला तीनच दिवसांचं. मी पूर्ण दहा दिवसांचं धरलं. नियम मोडायचाच तर तो जास्तीच्या बाजूनं मोडावा असं माझं पहिल्यापासून मत आहे. दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा येईना. समोर झाडावर बसून होता, बघत होता. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल बाईंची, बोला." मी बोललो. काशीला गंगेत अस्थी सोडीन म्हणालो, तुझी कृष्णाची मूर्ती सांभाळीन म्हणालो. कावळा ढिम्म. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करू लागले. मग मी पिंडाजवळ वाकलो आणि ओठातल्या ओठात म्हणालो, "अक्का, यमुनेचं औषध चुकणार नाही." कावळा उतरला, बराबर त्याच क्षणी.

मी खुशीत घरी आलो. निदान एका बाबतीत तुझं-माझं एकमत होतं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी सोडायची वेळ आली. तुला पेरू आवडायचा म्हणून मी पेरू सोडला. आत्याबाईंनी फणस सोडला. आता जालन्यात फणस मिळतो कुठे, सांग? पण तू फणसाची साठं आवडीनं खायचीस हे खरं, म्हणून कुणी काही बोललं नाही. मग आतून यमुना भिंतीला धरून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्कांच्या नावानं मी अंडं सोडलं."

आपल्या घरात अंडं शिजतं हेच आत्याबाईंना तेव्हा कळलं. ते सोडल्याचं पुण्य मोठं की ते खाल्ल्याचं पाप, हे त्या अजून ठरवून राह्यल्यात.

त्या दिवसापासून मी तिच्याशी वाद घालतोय. न्याय शिकलेला माणूस बायकोशी वादात हरतो ते मलाही माहीत होतं, पण इतका हरतो हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, "अगं, माणसाला जे आवडायचं ते सोडतात. अक्काला तर अंड्याचा वास सहन होत नव्हता."

"खायला न्हाई आवडायचं. मला खाऊ घालायला आवडायचं."

मी कावळ्याची हकिगत सांगितली. तिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही बोलले ते कुणी ऐकलं?"

"कुणीच नाही."

"मंग कावळा भुकेला असेल."

आजाऱ्याला व्रताचं बंधन नाही, असं वचन मी तिला अर्थासह वाचून दाखवलं. ती म्हणाली, "व्रत असतं तर मोडलं असतं."

काल बाई गेल्यावर मी तिच्या पायाशी बसलो. हो, बसलो. म्हणालो, "यमुने, मला एकदा खरं सांग, हे काय चाललंय?" तिनं खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाली, "माझ्या एका अंड्यापायी त्या दिवसाआड दुसऱ्यांदा विहिरीवर उभ्या राह्यल्या. पौषातल्या थंडीत. मी या खिडकीतून बघायची. त्या कुडकुडायच्या आणि मी बिलकुल बोलली न्हाई. त्या थंडीनं गेल्या. आता ते अंडं माझ्या घशाखाली कसं उतरेल, तुम्हीच सांगा."

अक्का, खरंच तसं झालं का? तुला त्या पाण्यानं ताप आला का? आणि आला असेल तर दुपारी मी ओसरीवर पोथी वाचत बसलेला असताना तू एकदा तरी "पाणी तापव रे" का म्हणाली नाहीस? तुला कसली एवढी घाई, कसला एवढा मान? मला रागवायचा हक्क नाही, पण मी रागावलो आहे.

ती झिजते आहे. संध्याकाळी गाल लाल होतात, रात्रभर खोकते. तिचा खोकला भिंतीपलीकडे हमीदाबीला ऐकू जातो. सकाळी ती हाक न मारता, काही न बोलता अंडी भिंतीवर ठेवून जाते. मी ती उकडतो. पहिली काही मी उकळत्या पाण्यात टाकली आणि सगळी तडकली. आता जमतात. रोज एक यमुनेच्या उशाशी ठेवतो, संध्याकाळी ते कुत्र्याच्या पुढ्यात जातं. कुत्रं मात्र चांगलं बाळसं धरून राह्यलंय.

माझ्याकडे आता युक्तिवाद उरला नाही. म्हणून उद्या मी काय करणार ते तुला आधी सांगतो, मागून कळायला नको. मऊ भात करीन, तूप घालीन, आणि पिवळा बलक त्यात असा कालवीन की डोळ्यांना दिसणार नाही. घास माझ्या हातानं भरवीन. तिनं विचारलं, यात काय आहे, तर तूप म्हणून सांगीन. जन्मात पहिल्यांदा बायकोशी खोटं बोलणार आहे, आणि तेही भाताच्या शितांआडून.

तिला कळेल. वासानंच कळेल, मी काही तुझ्याइतका कुशल नाही. घास तोंडातून बाहेर आला, तर मी हरलो. पण ती माझ्याकडे बघत तो गिळेल, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडेल, असंही होऊ शकेल. तसं झालं तर, अक्का, तुला शब्द देतो: तिला कळलं होतं का, हे मी तिला या जन्मात विचारणार नाही. दोघंही म्हातारे झालो, ती धडधाकट माझ्यावर खेकसत असली, तरी विचारणार नाही. तुझ्या नावानं तिनं अंडं सोडलेलंच राहील, आणि भात चालू राहील.

तुझा,
बाळ्या